तोंडातला नमुना घ्या, पण रक्ततपासणीची वाट आधी बांधा

प्रति,
मा. प्रकल्प संचालक, महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था,
तसेच विदर्भातील अकराही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी

महोदय / महोदया,

सुई न टोचता, हिरडीवरून एक पट्टी फिरवून एचआयव्हीची तपासणी होते, ही गोष्ट आता नवी नाही. अमेरिकेत ओराक्विक या संचाला तोंडातल्या नमुन्यासाठी २००४ मध्ये परवानगी मिळाली आणि घरी स्वतः वापरण्यासाठी २०१२ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये स्व-तपासणीची शिफारस केली. विदर्भाला तर ही पद्धत मुळीच परकी नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००६ साली, कळा सुरू झालेल्या बायकांची तपासणी प्रसूती कक्षातच, दिवसा-रात्री केव्हाही, याच पद्धतीने करून पाहिली होती. नऊ महिन्यांत बाराशेहून अधिक जणींनी तिला होकार दिला.

एवढे असूनही जिनिंगच्या आवारात राहणारा मजूर, राष्ट्रीय महामार्ग ४४ वरच्या ढाब्यावर मुक्काम करणारा ट्रकचालक, कामासाठी सहा-सहा महिने बाहेर राहणारे मेळघाटातले कोरकू कुटुंब यांच्यापर्यंत तपासणी नीट पोहोचत नाही. आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचे केंद्र, ग्रामीण रुग्णालयात, आणि तीही कामाच्या वेळेतच उघडी. मजुरी बुडवून, एसटीचे भाडे भरून, ओळखीच्या चार माणसांसमोर त्या दारात उभे राहायचे, हे अनेकांना जमत नाही. म्हणून आमची मागणी आहे, की तोंडातल्या नमुन्यावरची चाचणी विदर्भाच्या ग्रामीण भागात आणा. मात्र ती चाळणी म्हणून आणा, जे लोक रक्त द्यायला येतच नाहीत त्यांच्यासाठी आणा, आणि तिच्या मागची रक्ततपासणीची सोय आधी उभी करा. नुसते संच वाटून टाकले तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त होईल. ते कसे, हे पुढे सविस्तर मांडतो.

पहिली गोष्ट, ही चाचणी कुठे नको. गरोदर मातांच्या नियमित तपासणीत रक्ताच्या जागी ती मुळीच आणू नका. तिथे बोटातून किंवा शिरेतून रक्त घ्यायचेच असते. हिमोग्लोबिन पाहायचे असते, सिफिलिस पाहायचा असतो, आणि आपल्या भागात सिकलसेल पाहिल्याशिवाय चालतच नाही. हिरडीवरची पट्टी यांपैकी काहीही सांगत नाही. एचआयव्ही आणि सिफिलिस एकाच थेंबात पाहणारा संच हातात असताना तोंडाच्या चाचणीसाठी तो बाजूला ठेवणे म्हणजे आईचा सिफिलिस सुटण्याला वाट करून देणे. अपवाद एकच, प्रसूतीसाठी ऐनवेळी आलेली, हातात कोणताही अहवाल नसलेली बाई, आणि त्या वेळी रक्ताचा संच किंवा तंत्रज्ञ हाताशी नाही. तिथे वीस मिनिटांत मिळणारा अंदाज बाळासाठी मोलाचा ठरतो, कारण नवजात बाळाचे प्रतिबंधक औषध जन्मानंतर जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. रक्ताची खात्री सकाळी करून घेता येते.

दीड वर्षाच्या आतल्या बाळावरही ही चाचणी निरुपयोगी आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, बाळाच्या अंगात तोवर राहतात, त्यामुळे संसर्ग नसलेले बाळही रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे प्रतिपिंडे सापडलेले) दिसू शकते. बाळाची वाट वेगळी आहे. सहाव्या आठवड्यापासून टाचेतून घेतलेले रक्ताचे ठिपके प्रयोगशाळेत पाठवायचे, विषाणूचाच शोध घ्यायचा.

आता चाचणी पाहते काय, ते. लोक तिला लाळेची चाचणी म्हणतात, पण जिभेखाली साचणारी लाळ तिला नको असते. हिरडी आणि दात यांच्या फटीतून, गालफडाच्या आतल्या त्वचेतून जो द्रव झिरपतो त्यात रक्तातली प्रतिपिंडे थोड्या प्रमाणात उतरतात. ती पकडायची असतात. विषाणू नव्हे. हे गावात आधी सांगायला हवे, नाहीतर तोंडातून तपासतात म्हणजे थुंकीतूनही पसरत असेल, हा समज एका दिवसात गावभर होईल. एकत्र जेवल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, खोकल्याने एचआयव्ही पसरत नाही. लाळेत संसर्ग होण्याइतका विषाणू नसतो आणि लाळेतले घटकच त्याला निकामी करतात. इतक्या वर्षांत मोठ्या कष्टाने खोडलेला गैरसमज आपल्याच मोहिमेने परत आणू नये. पत्रकाच्या पहिल्याच ओळीत हे छापा.

तोंडातल्या द्रवात ही प्रतिपिंडे रक्ताच्या मानाने शेकडो पटींनी कमी असतात. सगळी मर्यादा तिथेच आहे. संसर्ग नवा असेल, प्रतिपिंडे नुकतीच तयार होऊ लागली असतील, तर रक्तात ती आधी सापडतील आणि तोंडात उशिरा. म्हणून शेवटच्या जोखमीनंतर तीन महिने उलटल्याशिवाय तोंडाच्या नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह निकालावर विसंबता येत नाही. जोखीम गेल्या ७२ तासांतली असेल तर संच हातात देऊच नका. त्या माणसाला लगेच रुग्णालयात पाठवा. तिथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते, आणि त्यातला एकेक तास महत्त्वाचा असतो.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे, पण चुका याच सोप्या पायरीवर होतात. ओराक्विकच्या संचात दोन कप्प्यांचे पाकीट असते. एकात चपट्या बोळ्याची पट्टी, दुसऱ्यात एक मिलीलिटर द्रावणाची कुपी. आधी कुपी उघडून स्टँडमध्ये सरळ उभी करायची, मगच पट्टीचे पाकीट फाडायचे. पट्टीसोबत ओल शोषणारी पुडी असायलाच हवी. ती नसेल तर तो संच बाद. बोळ्याला बोट लावायचे नाही. वरच्या ओठाच्या आत, दातांच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या बाजूने या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा, मग पट्टी उलटी करून खालच्या हिरडीवर एकदा. जास्त वेळा घासले तर जास्त खात्री, असे काही नाही. टाळू, जीभ आणि गालाची आतली बाजू यांना हात लावायचा नाही. मग पट्टी कुपीत तळापर्यंत, पट्टीवरची निकालाची खिडकी आपल्याकडे येईल अशी उभी करायची आणि वाचून होईपर्यंत काढायची नाही. कुपीतले द्रावण पिण्याचे नाही. घरात लहान मूल असेल तर हेही सांगून ठेवावे लागते.

निकाल २० मिनिटांच्या आत वाचायचा नाही आणि ४० मिनिटांनंतरही वाचायचा नाही. लवकर पाहिले तर फिकी रेघ अजून उमटलेली नसते. उशिरा पाहिले तर वाळत आलेल्या पट्टीवर नसलेली रेघ असल्यासारखी भासते. आशाताईंच्या पिशवीत घड्याळ किंवा मोबाइलचा गजर असतोच, पण एका वेळी पाच-सहा संच मांडले की कोणता कधी लावला याचा गोंधळ होतो. प्रत्येक स्टँडवर वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि एका व्यक्तीने एका वेळी तीनपेक्षा जास्त संच लावू नयेत असा नियम करा.

सी (संच नीट चालल्याची खूण) जवळ एकच रेघ म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. सी आणि टी (प्रतिपिंडे सापडल्याची खूण), दोन्ही ठिकाणी रेघा म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह, मग टी ची रेघ कितीही फिकी असो. या फिक्या रेघेवर सगळ्यात जास्त घोळ होतो. उपकेंद्राच्या अंधाऱ्या खोलीत, चष्मा नसलेल्या माणसाच्या हातात ती सुटते, किंवा दिसूनही “ही काही खरी रेघ नाही” म्हणून सोडून दिली जाते. खिडकीजवळच्या उजेडात, पट्टी कुपीतच ठेवून, दोघांनी वेगवेगळे वाचावे. सी ची रेघच नसेल, किंवा रेघेमागचा भाग लालसर राहून रेघ ओळखू येत नसेल, तर निकाल बाद. नवा संच, नवा नमुना.

सी च्या रेघेबद्दल आणखी एक बारकावा, कारण खरेदीच्या वेळी तो कुणी विचारत नाही. ओराक्विकमध्ये ही रेघ नमुन्यात माणसाची प्रतिपिंडे असतील तरच उमटते. म्हणजे बोळा हिरडीला लागलाच नसेल, तर रेघ येत नाही आणि चूक लगेच कळते. बऱ्याच इतर जलद संचांमध्ये नुसते द्रावण चढले तरी सी ची रेघ येते. असा संच गावात गेला तर हिरडीऐवजी हवेत फिरवलेली पट्टीही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह म्हणून नोंदली जाईल. निविदेच्या अटींत हा मुद्दा स्पष्ट लिहा.

आणि खर्रा, म्हणजे गालात धरायचे सुपारी-तंबाखूचे मिश्रण. कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात हा शब्द सापडणार नाही, पण आपल्याकडे त्याच्याशिवाय या चाचणीचा विचारच करता येत नाही. संचाची सूचना अशी, की आधी पंधरा मिनिटे काही खाऊ-पिऊ नये, चघळू नये, आणि दात घासणे किंवा गुळण्यांचे औषध यानंतर अर्धा तास थांबावे. खर्रा गालात धरलेला माणूस मात्र काही खाल्ले का विचारले तर प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो, कारण खर्रा त्याच्या लेखी खाण्यात धरलेलाच नसतो. म्हणून प्रश्न नाव घेऊनच विचारायचा. खर्रा, तंबाखू, नस, गुडाखू, पान. तोंडात असेल तर थुंकायला लावा, साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरायला लावा आणि अर्धा तास बसवून ठेवा. सुपारीचे कण बोळ्याला चिकटले, तपकिरी रंग पट्टीवर चढला, की खिडकी साफ होत नाही आणि संच वाया जातो. खर्ऱ्याने ज्यांचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्यांनाही ही तपासणी करता येते. जबडा उघडण्याची गरजच नसते, ओठ बोटाने उचलून दात मिटलेले ठेवले तरी बोळा हिरडीच्या बाहेरून फिरतो. अशा माणसाला त्याच वेळी मुखरोग तपासणीसाठी चिठ्ठीही द्या.

साठवण हा विदर्भातला सगळ्यात अवघड भाग आहे. स्व-तपासणीचा संच २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचा असतो आणि १५ ते ३७ अंशांमध्ये वापरायचा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या छपराखालची खोली, दुचाकीची डिक्की, उन्हात उभी जीप यांच्या आत त्याहून जास्त. अशा जागी चार दिवस पडलेला संच बाहेरून जसाच्या तसा दिसतो, पण आतली प्रथिने बिघडलेली असू शकतात. तो संसर्ग असलेल्या माणसालाही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह दाखवेल आणि कुणाला शंकाही येणार नाही. लसींच्या खास फ्रीजमध्ये (आयएलआर) संच ठेवून चालणार नाही, ती जागा फक्त लसींची आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत वेगळा फ्रीज हवा, त्यात तापमापक हवा आणि दिवसातून दोनदा नोंद हवी. भारनियमनाच्या काळातली नोंद तर हवीच हवी. गावात नेताना डब्यात बर्फ नको, थंड पाण्याचे पॅक पुरेत, कारण संच गोठला तरी खराब होतो. फ्रीजमधून काढलेले पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत फाडायचे नाही, नाहीतर पट्टीवर दव धरते. एप्रिल ते जून या काळात मैदानी शिबिरे सकाळी नऊच्या आत आटोपावीत, नाहीतर घेऊच नयेत. भामरागड-एटापल्लीकडे पावसाळ्यात अडचण उलटी होते. तिथे दमट हवेत आधीच फाडून ठेवलेली पाकिटे ओल धरतात.

नवी खेप आली, फ्रीज बंद पडला, किंवा नवा माणूस कामाला लागला, की आधी ज्ञात पॉझिटिव्ह आणि ज्ञात निगेटिव्ह नियंत्रण नमुन्यांवर संच चालवून पाहिला पाहिजे. ही नियंत्रणे संचासोबत आपोआप येत नाहीत, वेगळी मागवावी लागतात. खरेदीच्या यादीत ती नसतील तर तंत्रज्ञ काय करणार?

एवढी काळजी घेऊनही चाचणी चुकते, आणि किती चुकते याचा हिशेब मांडून ठेवलेला बरा. प्रशिक्षित हाताने ती संसर्ग असलेल्या शंभरांपैकी साधारण ९८ जणांना पकडते. स्वतःच्या हाताने घरी केली तेव्हा अमेरिकेतल्या चाचण्यांत हे प्रमाण ९२ च्या आसपास आले, म्हणजे दर बारा संसर्गितांमागे एक सुटला. आता समजा, एका तालुक्यात दहा हजार जणांची तपासणी केली आणि त्यांत हजारी तीन याप्रमाणे तीस जणांना खरोखर संसर्ग आहे. प्रशिक्षित हाताने त्यांतले २९ सापडतील. पण उरलेल्या ९,९७० निरोगी माणसांत हजारी दोन जणांनाही चाचणीने चुकून रिअ‍ॅक्टिव्ह दाखवले, तर असे वीसजण निघतील. म्हणजे ज्यांच्या पट्टीवर दोन रेघा आल्या त्या एकोणपन्नास जणांतले वीसजण निरोगीच असतील. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी दवाखान्यांत २००५ च्या अखेरीस आणि पुन्हा २००७ च्या अखेरीस अशा खोट्या रिअ‍ॅक्टिव्ह निकालांची लाट आली होती आणि तोंडाचा नमुना घेणे त्यांना थांबवावे लागले होते. आपल्या गावात, जिथे कुजबुज सुरू व्हायला अर्धा दिवसही लागत नाही, तिथे एका खोट्या रेघेवर एखाद्या मुलीला माहेरी धाडले जाऊ शकते. म्हणून फक्त तोंडाच्या निकालावर “तुम्हाला एचआयव्ही आहे” हे वाक्य कुणीही उच्चारू नये, असे लेखी आदेश काढा. सांगायचे ते एवढेच, की रक्ताची तपासणी करून खात्री करायची आहे. त्याच जागी एएनएमने (आरोग्यसेविकेने) बोटातून रक्त घेऊन रक्ताचा जलद संच लावावा आणि त्यानंतर आयसीटीसीत ठरलेल्या पद्धतीने तीन वेगवेगळ्या संचांवर निदान व्हावे.

उलट बाजूची चूक आम्हाला याहून जास्त घाबरवते. एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, औषधे नियमित घेणाऱ्या माणसाच्या अंगात विषाणू दबलेला असतो आणि कालांतराने प्रतिपिंडेही कमी होऊ शकतात. तोंडातल्या द्रवात तर ती मुळातच थोडी. अशा माणसाने कुतूहलापोटी पट्टी लावली आणि एकच रेघ आली, तर तो बरा झालो असे समजेल. जडीबुटीने एड्स घालवतो म्हणणारे वैदू आणि बाबा आपल्या भागात आहेत. त्यांच्या हातात ही पट्टी म्हणजे आयते प्रमाणपत्र ठरेल. औषध बंद होईल, विषाणू पुन्हा वाढेल, जोडीदाराला लागण होईल. पाकिटावर आणि पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापा: एआरटीची गोळी चालू असलेल्यांनी ही चाचणी करू नये; एक रेघ आली तरी गोळी थांबवू नये. हे मराठीबरोबर कोरकू, गोंडी आणि माडियात ध्वनिफितीवरही हवे, कारण अनेक घरांत वाचणारा माणूसच नसतो.

संमतीचा प्रश्न तोंडाच्या चाचणीने सोपा होत नाही, उलट नाजूक होतो. रक्त घ्यायचे तर माणसाला हात पुढे करावा लागतो. पट्टी मात्र मुकादम रांगेत उभे करून फिरवू शकतो, सासरची माणसे लग्नाआधी मुलीला लावायला सांगू शकतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल गोपनीय ठेवावा लागतो आणि नोकरीसाठी एचआयव्ही तपासणीची अट घालता येत नाही. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तेव्हा संच ठेकेदाराच्या, कारखान्याच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हाती गठ्ठ्याने द्यायचा नाही. नोंद क्रमांकाने ठेवा, नावाने नाही. आशाताईंच्या गावनोंदवहीत तर अजिबात नाही. नवऱ्यासाठी बायकोच्या हाती संच द्यायचा असेल तर आधी तिला एकटीला विचारा, की घरी मारहाणीची भीती आहे का. असेल तर संच देऊ नका, दुसरा मार्ग शोधा.

आता शेवटचा टप्पा. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्या मजुराला “जाऊन ये” म्हणून चिठ्ठी दिली, तर तो जाणार नाही. रोज बुडतो, आणि चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कंडक्टरलाही कळते. ज्या दिवशी गावात पट्ट्या लावायच्या, त्याच दिवशी फिरत्या आयसीटीसीची गाडी, रक्ताचे तिन्ही संच आणि तंत्रज्ञ तिथे हवेत. समुपदेशकही हवा, त्याची भाषा बोलणारा. निदान पक्के झाले तर जवळच्या लिंक एआरटी केंद्रात कोण सोबत नेणार त्याचे नाव आणि प्रवासभाड्याची तरतूद आधीच ठरलेली हवी. घरी स्वतः तपासणाऱ्यांसाठी १०९७ हा मोफत मदतीचा क्रमांक पाकिटावर ठळक छापा. वापरलेल्या पट्ट्या आणि कुप्या गावच्या उकिरड्यावर जाऊ नयेत, त्या जमा करून परत आणण्याची जबाबदारी मोहिमेवर आलेल्या पथकाची.

पहिली खेप उन्हाळ्यात पाठवू नका, ही विनंती. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रशिक्षण आटोपा. प्रत्येकाने निदान दहा पट्ट्या, त्यांत फिक्या रेघेच्या दोन-तीन, वाचून दाखवाव्यात. दिवाळीनंतर यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला पट्ट्यातली जिनिंग सुरू होते, बाहेरगावचे मजूर आवारातच राहतात, हवाही थंड असते. सुरुवात तिथून करा. होळीला कोरकू कुटुंबे कामावरून आपापल्या गावी परततात. मेळघाटातली फेरी सणाच्या दिवसांत न घुसवता त्याच्या लगेच नंतरच्या आठवड्यात, पहाटेच्या गारव्यात ठेवा. त्या वेळी किती पट्ट्या लावल्या हा आकडा आम्हाला मागू नका. दोन रेघा आलेल्यांपैकी कितीजणांची रक्ततपासणी पंधरा दिवसांत झाली आणि कितीजण औषधावर आले, हा मागा.

आपले,
विदर्भाच्या ग्रामीण भागात एचआयव्ही तपासणीचे काम करणारे प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि समुपदेशक